बंगळुरूची साखळी, हिमालयाची उंची

मे महिना लागला की बंगळुरूच्या विमानतळावर पाठीवर मोठमोठ्या सॅक लावलेली मंडळी दिसू लागतात. कुणी डेहराडूनला निघालेलं, कुणी श्रीनगरला, कुणी काठमांडूला. आठ-दहा दिवसांची रजा, पायात नवे बूट, एखाद्या ट्रेकिंग कंपनीचं बुकिंग. परत येताना प्रत्येकाच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. खिंडीत रोवलेली पाटी, तिच्यावर रंगवलेला उंचीचा आकडा आणि पाटीला टेकून उभा असलेला, उन्हाने नाक सोललेला माणूस.

फौजेतही वेगळं काही नाही. ज्या डोंगरांत सरकारी खर्चाने दोन-तीन वर्षं काढली, तिथेच स्वतःच्या खर्चाने बायकोमुलांना घेऊन जाणारे माझे कितीतरी कोर्समेट आहेत. वहिनी विचारतात, "आयुष्यभर डोंगरच पाहिलेत ना, मग सुट्टीतही डोंगरच?" या प्रश्नाला आजवर कुणालाही समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही.

आज त्या पाटीवरच्या आकड्याबद्दल लिहायचं आहे. १३,८०० फूट, १६,००० फूट, ८,८४८ मीटर. हे आकडे आपण इतक्या सहज वाचतो की ते डोंगरासोबतच जन्माला आले असावेत असं वाटतं. पण प्रत्येक आकडा कुणीतरी पायी चालून कमावलेला आहे. आणि त्या चालण्याची सुरुवात हिमालयात नाही, तर इथे, बंगळुरूच्या माळावर झाली.

दुर्गांचं गाव

बंगळुरूत पोस्टिंग झालेला मराठी अधिकारी पहिल्या दोन-तीन रविवारांत नंदी हिल्स गाठतो आणि मग सावनदुर्ग. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना हे डोंगर वेगळे लागतात. आपल्याकडचा काळा कातळ पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो. इथे ग्रॅनाइटचा एकच प्रचंड गोटा सपाट रानातून वर आलेला असतो. सावनदुर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,२२६ मीटर, नंदी सुमारे १,४७८ मीटर. आता तिथे सूर्योदय पाहायला गाड्यांची रांग लागते.

१७९१ साली तिथे तोफांची रांग होती. तिसऱ्या म्हैसूर युद्धात लॉर्ड कॉर्नवॉलिसने ऑक्टोबरमध्ये नंदीदुर्ग आणि डिसेंबरमध्ये सावनदुर्ग टिपू सुलतानाकडून घेतला. या युद्धात मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कर्नाटकात उतरल्या होत्या.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातला एक प्रसंग प्रत्येक लष्करी माणसाने लक्षात ठेवावा असा आहे. कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोहोचला होता. पण दाणागोटा संपला, बैल मेले, पाऊस सुरू झाला. अखेर वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्याच हातांनी निकामी करून तो मागे फिरला. माघारीला एक दिवस होतो न होतो तोच समोरून घोडदळ येताना दिसलं. शत्रू आला म्हणून धावपळ उडाली, पण ते निघाले मराठे, म्हणजे मित्र. टिपूच्या हेरांनी दोन्हीकडचे जासूद वाटेतच अडवले होते. त्यामुळे दोन दोस्त फौजा एकमेकींपासून एका मजलेवर असूनही एकमेकींना ठाऊक नव्हत्या. मराठ्यांच्या बाजारातलं धान्य मिळालं तेव्हा इंग्रज फौजेच्या पोटात अन्न गेलं. तोफा मात्र गेल्या त्या गेल्याच.

मुलखात कोण कुठे आहे हे ठाऊक नसण्याची किंमत अशी असते. जिंकलेल्या मुलखाची मोजणी करण्याची घाई इंग्रजांना का झाली, हे समजायला हा एक प्रसंग पुरेसा आहे.

ताऱ्यांवर विश्वास ठेवणारा

पुढच्या युद्धात, १७९९ साली, श्रीरंगपट्टणवर चालून गेलेल्या फौजेत विल्यम लॅम्बटन नावाचा अधिकारी होता. आर्थर वेलस्लीच्या ३३ व्या पलटणीतला. तोच वेलस्ली, जो पुढे असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांसमोर उभा राहिला. लॅम्बटनची चाळिशी उलटून गेली होती आणि हुद्द्याच्या बाबतीत तो बराच मागे राहिला होता. स्वभावाने अबोल, गणिताचा नाद लागलेला.

त्या मोहिमेतल्या एका रात्रीच्या कूचात जनरल बेअर्डची तुकडी अंधारात चालली होती. लॅम्बटनने आकाशाकडे पाहिलं आणि जनरलला सांगितलं की आपण दक्षिणेकडे जायच्या ऐवजी उत्तरेकडे, थेट टिपूच्या छावणीकडे निघालो आहोत. जनरलला ते पटेना. कंपास काढून पाहिला तेव्हा तारे बरोबर निघाले. तुकडी वळली.

रात्रीचं नेव्हिगेशन केलेल्या प्रत्येकाला या प्रसंगातली खरी अवघड गोष्ट कळेल. तारे ओळखणं तितकं कठीण नसतं. ठामपणे चुकीच्या दिशेने चाललेल्या वरिष्ठाला "साहेब, आपण उलटे चाललो आहोत" असं सांगणं कठीण असतं.

टिपू ४ मे १७९९ ला पडला आणि लॅम्बटनने आपली योजना पुढे केली. मद्रासच्या किनाऱ्यापासून मलबारच्या किनाऱ्यापर्यंत, सगळ्या द्वीपकल्पाची त्रिकोणांच्या साखळीने मोजणी करायची. वेलस्लीने ती उचलून धरली. मद्रासमध्ये मात्र खर्चावरून कुरकुर झाली. एका सदस्याचं म्हणणं म्हणे असं होतं की, कुणाला श्रीरंगपट्टणला जायचंच असेल तर त्याने पालखीच्या मुख्य भोयाला तसं सांगावं, तो नेऊन पोहोचवेल. त्यासाठी मोजणीचा खटाटोप कशाला?

हे वाचून हसू येतं. पण त्यात नकळत एक खरी गोष्ट सांगितली गेली होती. रस्ता भोयाला ठाऊक होताच.

शंभर फुटांची साखळी

लॅम्बटनचं काम समजायला शाळेतली भूमिती पुरते. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांवरचे कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. त्यातली प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणजे अंतर प्रत्यक्ष जमिनीवर एकदाच मोजायचं. नंतर एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे पाहत फक्त कोन मोजत पुढे सरकायचं. पण ती पहिली बाजू चुकली तर पुढचं सगळं चुकलं.

ती पहिली बाजू लॅम्बटनने प्रथम बंगळुरूजवळ मोजली, १८०० सालच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. लांबी साडेसात मैलांच्या आसपास. मापाला शंभर फुटी पोलादी साखळी, अडीच फुटांची एक अशा ४० कड्यांची. या साखळीचा इतिहासही मजेदार आहे. ती चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून पाठवली होती. त्याने घेतली नाही, म्हणून ती कलकत्त्यात येऊन पडली आणि तिथून लॅम्बटनच्या हाती आली. साडेसात मैल म्हणजे ती जवळजवळ ४०० वेळा अंथरायची. ऊन लागून पोलाद प्रसरण पावतं, म्हणून प्रत्येक वेळी थर्मामीटर पाहायचा.

१० एप्रिल १८०२ ला मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ नवा पाया मोजायला सुरुवात झाली. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ याच दिवसापासून धरतात. तिथून त्रिकोण मोजत ही माणसं पुन्हा म्हैसूरच्या पठारावर आली. १८०४ साली बंगळुरूजवळ ताळा पाहण्यासाठी आणखी एक रेषा साखळीने मोजली. सात मैलांहून थोडी लांब. मद्रासपासून गणिताने आलेली लांबी आणि जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत फरक निघाला ३.७ इंचांचा. एवढा मुलूख ओलांडून आल्यावर चार इंचांपेक्षाही कमी!

ज्या दुर्गांसाठी आठ-दहा वर्षांपूर्वी माणसं मेली होती, ते सावनदुर्ग आणि नंदी आता या मोजणीच्या कामी आले. तोफेला जी उंच आणि मोकळी नजर लागते तीच थिओडोलाइटलाही लागते. आजच्या कॉक्स टाऊनला लागून असलेल्या दोड्डगुंटा भागातून लॅम्बटनने अक्षांशासाठी ताऱ्यांचे वेध घेतले. आज तिथे उभं राहिलं तर चार मजली इमारतींमधून पाऊण आकाशही दिसत नाही.

तंजावर ते हिंगणघाट

लॅम्बटनचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. इंग्लंडहून येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि उपकरण मॉरिशसला नेलं. ते विज्ञानाच्या कामाचं आहे हे कळल्यावर मात्र त्यांनी ते सन्मानाने मद्रासला पोहोचतं केलं. युद्ध चालू असताना अशी दिलदारी दाखवलेली ऐकलं की बरं वाटतं.

१८०८ साली हेच धूड तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवत होते. सपाट मुलखात तेवढीच काय ती उंच जागा. तंजावरच्या गादीवर तेव्हा सरफोजीराजे भोसले होते. दोर तुटला, थिओडोलाइट मंदिराच्या भिंतीवर आदळला आणि त्याचं मुख्य चक्र वाकलं. दुसरं कुणी असतं तर इंग्लंडला पत्र लिहून वर्षभर वाट पाहत बसलं असतं. लॅम्बटन तंबूत शिरला, उपकरण सुटं केलं आणि सुमारे सहा आठवडे खपून ते चक्र सरळ करून बाहेर आला. पुढची कित्येक वर्षं त्याच उपकरणाने काम केलं.

साखळी उत्तरेकडे सरकत राहिली. १८१८ पर्यंत राजकारण पार बदलून गेलं. पेशवाई बुडाली, सह्याद्रीतले किल्ले काही महिन्यांत एकापाठोपाठ एक पडले. मराठी मुलूख त्रिकोणांच्या जाळ्यात आला. हैदराबादहून नागपूरकडे आपला तळ हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन वाटेतच मरण पावला. गाव होतं वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट. वयाची साठी केव्हाच उलटलेली. त्याची कबर तिथेच आहे.

बंगळुरूहून गाडी घेऊन काश्मीरला निघालेल्या फौजींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला राष्ट्रीय महामार्ग ४४ कन्याकुमारी, बंगळुरू, हैदराबाद, नागपूर, उधमपूर असा श्रीनगरला जातो. दक्षिणेतला आणि मध्य भारतातला त्याचा मोठा भाग लॅम्बटनच्या ७८ रेखांशाच्या आसपासच्या रेषेला धरूनच आहे. आणि हिंगणघाट याच महामार्गावर आहे. आपण तिथे फार तर चहाला थांबतो.

ओळंबा ओढणारा डोंगर

लॅम्बटननंतर जॉर्ज एव्हरेस्टने ती रेषा डेहराडूनच्या वरच्या डोंगरांपर्यंत नेली. कन्याकुमारीपासून जवळपास २,४०० किलोमीटर. १८४१ पर्यंत हे काम पुरं झालं.

या कामात एक कोडं पडलं. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कल्याना या दोन ठाण्यांमधलं अंतर त्रिकोणांनी काढलं तर एक येत होतं आणि ताऱ्यांवरून काढलं तर दुसरं. फरक पाच सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरच्या थोडं वर. ३.७ इंचांवर समाधान मानणाऱ्यांना हे सहन होण्यासारखं नव्हतं.

दोष हिमालयाकडे जात होता. एवढा प्रचंड डोंगर ओळंब्याला स्वतःकडे ओढतो, त्यामुळे 'सरळ खाली' ही दिशाच किंचित तिरपी होते. १८५५ साली कलकत्त्याच्या जॉन प्रॅट या धर्मगुरूने हिशेब मांडला, तेव्हा ओढ अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच निघाली. म्हणजे हिमालय वरून दिसतो तेवढा भारी नाही. त्याच्या तळाशी हलक्या खडकाची खोल मुळं असली पाहिजेत, पाण्यातल्या बर्फाच्या डोंगरासारखी. पृथ्वीच्या कवचाबद्दलचा हा मोठा शोध एका न जुळणाऱ्या बेरजेतून लागला. फरक दडपून आकडे जुळवून टाकले असते तर तो लागला नसता.

पंधरा नंबरचं शिखर

नेपाळची दारं परक्यांना बंद होती. म्हणून तिथली शिखरं तराईच्या दलदलीतून, शंभरेक मैलांवरून मोजावी लागली. १८४९-५० मध्ये जेम्स निकोल्सनने पंधरा नंबरच्या शिखराचे वेगवेगळ्या ठाण्यांवरून वेध घेतले आणि हिवतापाने खंगून त्याला काम सोडावं लागलं. या तराईत तापाने किती खलाशी गेले ते मोजायला कुणी साखळी अंथरली नाही. खलाशी म्हणजे जहाजावरचे नव्हेत. मोजणी खात्यात उपकरणं वाहणाऱ्या, झाडं तोडून दिशा मोकळी करणाऱ्या, डोंगरमाथ्यावर निशाणाची काठी धरून दिवसदिवस उभं राहणाऱ्या माणसांना खलाशी म्हणत.

वेध घेणं हे अर्धंच काम होतं. इतक्या लांबून येताना हवेत प्रकाश वाकतो, त्याची दुरुस्ती करायची, पृथ्वीच्या गोलाईची दुरुस्ती करायची, मग उंची. ही आकडेमोड करणाऱ्या कचेरीचा प्रमुख होता राधानाथ सिकदार. १८३१ साली, विशीही न ओलांडलेला, तो एव्हरेस्टच्या हाताखाली आला होता. १८५६ मध्ये अँड्र्यू वॉने जाहीर केलं की पंधरा नंबरचं शिखर २९,००२ फूट, जगात सर्वांत उंच. नाव दिलं त्या एव्हरेस्टचं, जो हे वेध घेण्याआधीच, १८४३ मध्ये, निवृत्त होऊन गेला होता. आज चीन-नेपाळने २०२० साली जाहीर केलेला आकडा आहे ८,८४८.८६ मीटर. उपग्रह नसताना, शंभर मैलांवरून, तापाने फणफणलेल्या माणसांनी काढलेल्या आकड्यात फरक सुमारे ९ मीटरांचा.

सिकदारची आणखी एक गोष्ट मला या आकड्याहून मोठी वाटते. १८४३ साली डेहराडूनमध्ये एक इंग्रज मॅजिस्ट्रेट मोजणी खात्यातल्या मजुरांना वेठीला धरून आपलं सामान वाहायला लावत होता. सिकदारने ते सामान अडवलं. खटला झाला आणि त्याला २०० रुपये दंड झाला. दंड त्याने भरला, पण वेठीचा प्रश्न चव्हाट्यावर आला. आपल्या माणसांसाठी वरिष्ठाच्या समोर उभा राहणारा असा अधिकारी कुठल्याही पलटणीला हवाच असतो. आणि त्याचं फळ? मोजणी खात्याच्या १८५१ च्या मार्गदर्शक ग्रंथात त्याच्या योगदानाचे आभार मानले होते. तो वारल्यानंतर, १८७५ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा ते आभार गळून पडले.

हरमुखाच्या पायथ्याशी

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये रजा घेऊन आम्ही घरची मंडळी काश्मीरमधल्या मोठ्या तळ्यांच्या ट्रेकला गेलो होतो. सोनमर्गहून निघायचं, निचनाई आणि गडसरच्या खिंडी ओलांडायच्या, विशनसर, किशनसर, गडसर, सतसर अशी तळी पाहत गंगाबलला पोहोचायचं आणि नारानागला उतरायचं. जिथे एरवी पाठीवर सामान आणि खांद्याला हत्यार असतं तिथे हातात चहाचा मग घेऊन नुसतं बसून राहायला मिळणं, हे सुख शब्दांत सांगण्यासारखं नाही.

गंगाबलच्या डोक्यावर हरमुख उभा आहे. संध्याकाळी तंबूबाहेर बसलो असताना लेकीने विचारलं, "बाबा, एव्हरेस्टला नाव आहे, कांचनजंगाला नाव आहे, मग के-टूला नुसतं अक्षर आणि आकडा का?"

म्हटलं, "त्याचं उत्तर या समोरच्या डोंगरावर आहे."

१८५६ साली टी. जी. माँटगोमेरी हा इंजिनिअर अधिकारी याच हरमुखावर थिओडोलाइट घेऊन चढला होता. ठाणं सुमारे १६,००० फुटांवर. तिथून दोनशे किलोमीटरवर काराकोरमची दोन ठळक शिखरं दिसली. त्याने वहीत त्यांचं रेखाटन केलं आणि नोंद केली, के-१, के-२. 'के' काराकोरमचा. के-१ ला स्थानिक नाव होतं, माशेरब्रुम, ते त्याला मिळालं. के-२ मात्र इतकं आत की सर्वमान्य स्थानिक नाव सापडलं नाही आणि तो वहीतला खुणेचा नंबरच कायमचा चिकटला. ८,६११ मीटर उंचीचं जगातलं दोन नंबरचं शिखर.

"आणि तो थिओडोलाइट वर कुणी नेला?" तिचा पुढचा प्रश्न.

याचं उत्तर द्यायला नाव नव्हतं. १८६० साली एका खलाशाने स्पितीकडच्या शिल्ला नावाच्या शिखरावर निशाणाची काठी नेऊन रोवली. त्या शिखराची उंची तेव्हा २३,००० फुटांच्या वर धरली होती, पुढे ती २०,००० च्या आसपास निघाली. तरीही त्या काळात इतक्या उंचीवर पाय ठेवलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी असतील. ना ऑक्सिजन, ना क्रॅम्पॉन, अंगावर घोंगडी. त्याचं नाव नोंदवलेलं नाही.

सुट्टीतले डोंगर, ड्युटीतले डोंगर

एन.डी.ए.त आम्हाला नकाशा शिकवला तो खडकवासल्याच्या आसपासच्या टेकड्यांत. कॅम्प तोरणाला हातात नकाशा, कंपास आणि पाठीवर ओझं. तेव्हा नकाशा म्हणजे एक छळवाद वाटायचा. नोकरीत वीस-बावीस वर्षं काढल्यावर कळलं की नकाशा ही आपल्या आधी कुणीतरी पायी करून ठेवलेली रेकी असते. तो माणूस कोण होता हे आपल्याला माहीत नसतं, पण रात्री दोन वाजता, धुक्यात, आपण आपल्या जवानांचे जीव त्याच्या भरवशावर टाकतो.

आणि जिथे ती रेकी थांबते तिथे काय होतं, हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको. १९४९ च्या कराची करारातली युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आखली गेली. त्यापुढे 'तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे' एवढाच मोघम उल्लेख. तिथे कोण कशाला जाणार, असा विचार असावा. पण सत्तरच्या दशकात परदेशी गिर्यारोहक पाकिस्तानची परवानगी घेऊन त्या बाजूला सुट्टीतल्या मोहिमा काढू लागले. अशाच एका जर्मन गिर्यारोहकाच्या हातातला नकाशा कर्नल नरेंद्र कुमार यांनी पाहिला. त्यावर एनजे ९८४२ पासून थेट काराकोरम खिंडीपर्यंत रेषा ओढलेली होती आणि सगळा सियाचीन पलीकडे दाखवला होता. १९७८ आणि १९८१ मध्ये 'बुल' कुमारांनी स्वतः मोहिमा नेऊन ती हिमनदी पायाखाली घातली. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं ते त्यांच्या माहितीच्या आधारावर. कुणाच्या तरी सुट्टीतल्या नकाशावरची एक रेघ, आणि आपण चाळीसहून अधिक वर्षं तिथे उभे आहोत.

म्हणून मला वाटतं, उंच डोंगरातली सुट्टी ही कधीच नुसती सुट्टी नसते. आपण कुणाच्या तरी मोजणीवरून चालत असतो.

लॅम्बटनबद्दल बोलताना मराठी माणसाच्या मनात एक सल राहतोच, आणि राहावा. त्याची साखळी विज्ञानाची होती, तशीच ती सत्तेचीही होती. जिंकलेला मुलूख पक्का करायला, सारा बसवायला, पुढच्या फौजेला वाट दाखवायला तिचा उपयोग झाला. आपल्याकडे मुलखाची माहिती कमी नव्हती. घाटवाटा, पाणवठे, चोरदिंड्या हेच तर आपलं बळ होतं. पण ते ज्ञान माणसांच्या डोक्यात आणि पायांत होतं. नाईक गेला की ते त्याच्याबरोबर जायचं, चाकरी सुटली की विखरून जायचं. मद्रासच्या सदस्याने टिंगल करताना ज्या भोयाचा दाखला दिला, त्या भोयाला रस्ता ठाऊक होता, पण तो त्याच्यापुढे पोहोचत नव्हता. लॅम्बटनचा कागद त्याच्या मरणानंतरही चालत राहिला. दोघांतलं कोणतं ज्ञान टिकलं हे आपण पाहतोच. पण भोई आणि खलाशी नसते तर त्या कागदावर काही उमटलंही नसतं.

यंदा डोंगरात जाणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सुचवतो. फोनमधलं ॲप वापरा, पण त्या भागाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा आधी घरी टेबलावर पसरून मुलांना दाखवा. त्रिकोणाची खूण दिसेल तिथे थांबा, तिथे कधीतरी कुणीतरी काठी धरून वारा खात उभा होता. खेचरवाल्याचं आणि पोर्टरचं नाव विचारा, फोटोखाली पाटीवरच्या उंचीसोबत ते नावही लिहा. आणि गाडीने जात असाल तर हिंगणघाटला अर्धा तास जास्तीचा काढा. गावात विचारत गेलात तर एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याची कबर सापडेल, जो बंगळुरूहून निघाला आणि हिमालय न पाहताच वाटेत थांबला.